गॅरेजमधून निघालेल्या ट्रकचा चेक इंजिन लाइट: कोड उडवण्याआधी हे तपासा

गाडी गॅरेजात कामाला लावली, काम झालं, पैसे दिले, आणि बाहेर पडल्यावर मीटरवर इंजिनाचा पिवळा लाइट. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात ट्रकची वायरिंग बघणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार येते. अशी गाडी आली की मी पहिल्यांदा "कोड काय आला" (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) असं विचारत नाही, "काम काय केलं होतं" असं विचारतो. कामाआधी लाइट नव्हता आणि कामानंतर लागला, तर बहुतेक वेळा नवीन काही बिघडलेलं नसतं. काम करताना एखादा कपलर (वायरींचा जोड) काढून लावायचा राहिलेला असतो, अर्थची वायर सैल असते, होज पाइप अर्धाच चढलेला असतो. जिथे मिस्त्रीचा हात लागला, तिथूनच शोध सुरू करायचा. सेन्सर बदलायची गोष्ट फार नंतरची.

हे सगळं मुख्यतः बीएस-६ गाड्यांना, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना धरून लिहिलंय. बीएस-४ ला युरिया (धुरातला विषारी वायू कमी करायला सायलेन्सरमध्ये फवारतात ते द्रव) आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भाग बऱ्याचदा लागू नाही, बाकी सगळं तेच.

लक्षणं

चावी ऑन केल्यावर लाइट लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, तर तो बिघाड नाही, लाइटची स्वतःची तपासणी आहे. चावी ऑन करूनही तो लागतच नसेल तर मात्र शंका घ्या, कोणी तरी लाइटच बंद केलेला असतो.

सुरू केल्याबरोबर लाइट लागतो आणि गाडी पळायला ठीक वाटते: बहुतेक एखाद्या सेन्सरचा कपलर निघालेला.

लोड घेतल्यावर किंवा चढावर लागतो, गाडी ओढत नाही, काळा धूर किंवा सूं-सूं आवाज येतो: टर्बो ते इंजिनमधली हवा कुठेतरी गळतेय.

अर्धा-पाऊण तास चालल्यावर लागतो: सायलेन्सरकडची बाजू, म्हणजे नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), युरिया, डीपीएफ. नॉक्स सेन्सर धूर पुरेसा गरम झाल्याशिवाय कामाला लागतच नाही. म्हणून गॅरेजात कोड उडवून, इंजिन सुरू करून "झालं भाऊ" म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला तेव्हा लाइट दिसलेलाच नसतो. तो बुटीबोरी ओलांडल्यावर ड्रायव्हरला दिसतो.

खड्ड्यात लागतो, पुढे विझतो: लूज कॉन्टॅक्ट.

सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, फिल्टर किंवा इंजेक्टरचं काम झालंय: डिझेल लाइनमध्ये हवा.

एकदम चार-पाच लाइट, त्यात एबीएसचाही, काटे नाचतात: बॅटरी, अर्थ किंवा कॉम्प्युटरची आपसातली लाइन.

लाल लाइट लागला, ऑइल प्रेशरचा किंवा टेंपरेचरचा, तर या पोस्टमधलं काही करत बसू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. पिवळ्या लाइटवर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं, लाल लाइटवर इंजिन जातं.

पैसे लागत नाहीत अशी पहिली गोष्ट

कोड उडवू नका. आधी वाचा आणि मोबाइलवर फोटो काढा. कोडसोबत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या क्षणाची नोंदही ठेवतो: इंजिनाचे आरपीएम किती, पाणी किती गरम, लोड किती. कोड उडवला की ही नोंदही जाते आणि पुढचा माणूस अंधारात चाचपडतो. बॅटरीची वायर काढून ठेवण्याची जुनी युक्तीही करू नका. बऱ्याच गाड्यांत त्याने कोड जात नाही.

मग ज्याने काम केलं त्याला फोन करा. भांडायला नाही, विचारायला. "क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना कोणकोणत्या वायरी काढल्या?" "इंजिन धुतलं का?" "चेसिसला कुठे वेल्डिंग मारलं का?" या तीन प्रश्नांत अर्ध्या गाड्यांचा पत्ता लागतो. प्रेशरने इंजिन धुतलं असेल तर कपलरमध्ये पाणी शिरलेलं असतं. वेल्डिंग मारताना बॅटरीच्या वायरी काढल्या नसतील तर गोष्ट गंभीर आहे, त्याबद्दल पुढे.

युरिया आणि पातळ्या

ऑइल, कूलंट आणि युरिया बघा. युरियाच्या टाकीचं निळं झाकण उघडा. आतलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. वर तेलकट तवंग दिसला तर टाकीत डिझेल गेलंय. तेव्हा चावी ऑनसुद्धा करू नका. चावी ऑन होताच पंप ते पुढे ओढू शकतो आणि काम टाकी धुण्यावरून पंप बदलण्यावर जातं. उलट, डिझेलच्या टाकीत युरिया पडला असेल तरी हेच: सेल्फ मारायचा नाही, टाकी खाली करायची.

चांगल्या डीईएफमध्ये, म्हणजे गाडीत टाकायच्या युरियाच्या द्रवात, युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के असतं, बाकी शुद्ध केलेलं पाणी. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं नळीसारखं यंत्र मिळतं, एक थेंब टाकला की प्रमाण कळतं. चार गाड्यांच्या मालकाने ते विकत घ्यावंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जास्तच गरजेचं आहे. डीईएफ ३५ अंशांवर ठेवलं तर साधारण सहा महिने टिकतं, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो. टिनाच्या शेडखाली किंवा केबिनच्या मागे बांधलेला कॅन त्याहून तापतो. जुना कॅन ओतला, तेवढ्यात गाडीचं दुसरंच काम झालं, लाइट लागला आणि दोष कामावर गेला, असं होतं.

शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे अजून आहेत. २०१५ पासून आपल्या शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं आहे. ते तेल आणि त्यातल्या बाकीच्या अशुद्धी सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टवर बसतात, आणि तो भाग गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे. वाचवलेले पैसे कित्येक पटीने जातात.

आणखी एक. इंजिन बंद केल्यावर युरियाचा पंप लाइनमधलं द्रव परत टाकीत ओढून घेतो. त्याला मिनिट-दीड मिनिट लागतं, काही गाड्यांत जास्त. गॅरेजात घाई असते, इंजिन बंद केलं की लगेच बॅटरीचा कटआउट स्विच खाली. मग द्रव लाइनमध्येच राहतं, वाळून पांढरे खडे होतात आणि दोन दिवसांनी युरिया प्रेशरचा कोड येतो. डोजिंग इंजेक्टरभोवती (सायलेन्सरमध्ये युरिया फवारणारा) पांढरी पपडी दिसली तर गरम पाण्याने धुऊन बघा. खडे त्यात विरघळतात.

बॅटरी आणि अर्थ

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण मल्टीमीटर सोडला तर इथे खर्च काही नाही आणि चुकीचे सेन्सर सगळ्यात जास्त इथल्या दोषामुळेच बदलले जातात.

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मिळून २४. गाडी रात्रभर उभी असताना दोन्ही मिळून २५ च्या वर असाव्यात. २४ च्या खाली असतील तर आधी चार्ज करा, कोड नंतर बघू. सेल्फ मारताना व्होल्टेज १८-१९ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना साधारण २७.५ ते २८.५ मिळायला हवं. दोन बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी असेल तर दोघींत फरक पडतो आणि ईसीएमला तो आवडत नाही.

आता अर्थ. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, थेट शिशावर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर, तिचा बोल्ट किंवा तिची जागा खराब आहे.

कळमन्यातून संत्रा भरून निघालेली एक बारा चाकी अशीच परत आली होती. क्लचचं काम झालेलं. बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) कोड, रेल प्रेशरचा (डिझेलच्या दाबाचा) कोड आणि नॉक्सचा कोड, तिन्ही एकत्र. मालकाला नॉक्स सेन्सर बदलायला सांगितलेलं होतं आणि तो पैशांची जुळवाजुळव करत होता. गिअरबॉक्सच्या बाजूला चेसिसवर अर्थची जाड वेणीची पट्टी होती. बोल्ट घट्ट होता, हाताने हलवूनही हलेना. पण पट्टीखाली काळ्या रंगाचा ताजा थर होता. गिअरबॉक्स चढवल्यावर कोणीतरी चेसिसला हात मारून रंग दिला होता आणि पट्टी त्या रंगावरच कसली होती. सेल्फ मारताना मीटर दीड व्होल्टच्या वर गेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत धातू काढला, पट्टी पुन्हा कसली, वरून ग्रीस लावलं. रीडिंग खाली आलं आणि तिन्ही कोड परत आले नाहीत. सेन्सर तिघंही चांगले होते. त्यांना जमीनच सापडत नव्हती, म्हणून ते चुकीचे आकडे सांगत होते.

गिअरबॉक्स, सेल्फ मोटर, केबिन किंवा इंजिन फाउंडेशनचं काम झालं असेल तर प्रत्येक अर्थ बोल्ट उघडून बघा. वरून घट्ट दिसतो म्हणून सोडू नका.

कपलर

आता ज्या बाजूला काम झालं, त्या बाजूचा प्रत्येक कपलर. चावी ऑफ, बॅटरीचा कटआउट खाली, आणि तो खाली करण्याआधी युरियाच्या पंपासाठी दोन मिनिटं थांबा. कपलर एकेक करून लॉक दाबून काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. आत बघायचं: पिन वाकली आहे का, हिरवट काट आलीय का, पाणी किंवा ऑइल आहे का. ऑइल असेल तर ते सेन्सरच्या आतून वायरीतून चढून येतं आणि दुसऱ्या टोकाच्या कपलरपर्यंत जातं, म्हणून तेही टोक बघा. रबरी सील जागेवर हवी. लावताना "टक" ऐकू आलं पाहिजे. अर्धा बसलेला कपलर गॅरेजमध्ये काम करतो आणि उमरेड रोडच्या पहिल्या खड्ड्यात सुटतो.

वायरिंगची वाटही बघा. गिअरबॉक्स चढवताना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, घंटी (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कव्हर) आणि इंजिनच्या मध्ये दाबला जातो. क्लिपा परत न लावल्यामुळे वायर सायलेन्सरवर टेकते आणि महिन्याभराने वितळते. तेव्हा कोणाला कामाची आठवणही राहत नाही. धान्याच्या गाड्यांना उंदरांनी कुरतडलेली वायर मिळते. गाडी गॅरेजात आठ-दहा दिवस उभी राहिली असेल तर हेही धरून चला.

पाणी सापडलं तर हवेने उडवा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पिनवर पेट्रोल ओतू नका आणि पॉलिश पेपरही लावू नका. त्याने वरचा मुलामा जातो.

हवेचे पाइप

टर्बो किंवा इंटरकूलरला हात लागला असेल, किंवा फक्त एअर फिल्टर बदलला असेल, तरी टर्बोपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक होज आणि क्लॅम्प हाताने तपासा. इंजिन थंड असताना. होजच्या आतल्या बाजूला ऑइलची हलकी ओल सहसा असतेच, पण बाहेरून ताजी रेघ दिसली तर तिथून हवा फुटतेय. उमरेड, सावनेर, कोराडीकडे कोळसा आणि राख वाहणाऱ्या गाड्यांत हे सोपं पडतं, कारण गळतीच्या जागी धूळ काळी होऊन चिकटलेली असते. बूस्ट सेन्सर काढून साफ केला असेल तर त्याची ओ-रिंग बघा. ती चिरली तरी आकडा चुकतो.

इथेच सायलेन्सरचे जोडही बघून घ्या. नॉक्स सेन्सरच्या आधी जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सर चुकतो.

डिझेल

फिल्टर बदलल्यावर हँड पंपाने हवा पूर्ण काढली का? पाणी ओळखणारा सेन्सर जुन्या फिल्टरच्या वाटीतून काढून नव्याला लावला का? त्याचा कपलर जोडला का? फिल्टरच्या खालचा ड्रेन नट घट्ट आहे का? एवढंच बघायचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं. पुढच्या हाय प्रेशर पाइपांना हात लावू नका. इंजिन सुरू असताना कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १६०० बारच्या वरही जाऊ शकतो. तिथली गळती हाताने चाचपली तर डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागू शकतं. असं कधी झालंच तर थेट मोठ्या दवाखान्यात जा, आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला स्वतःहून सांगा.

कोड वाचायचा कसा

इथून पुढे स्कॅनर, म्हणजे कोड वाचायचं यंत्र, लागतो. ट्रकचा कोड बहुधा दोन भागांत येतो. एसपीएन म्हणजे कुठे, एफएमआय म्हणजे काय. काही गाड्या पी अक्षराने सुरू होणारा कोड देतात, पण तपासणीची वाट तीच. स्कॅनरवाल्याकडून दोन्ही आकडे लिहून घ्या. "बूस्टचा कोड आहे" एवढ्यावर भागत नाही.

एफएमआय ३, ४ आणि ५ हे वायरिंगचे. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे लाइन तुटलेली. उदाहरणार्थ एसपीएन १०२, एफएमआय ३ किंवा ४ आला तर बूस्ट सेन्सरच्या वायरी आणि कपलर बघा, टर्बोला हात लावू नका. तोच १०२ एफएमआय १ किंवा १८ घेऊन आला तर सेन्सर बरोबर सांगतोय, दाब खरोखर कमी आहे, होज बघा. एसपीएन १५७ म्हणजे रेल प्रेशर, ३२५१ म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंतल्या दाबाचा फरक, ३२२६ म्हणजे मागचा नॉक्स सेन्सर. कामानंतरच्या गाड्यांत ३, ४, ५ सगळ्यात जास्त दिसतात आणि या तिघांत नवा सेन्सर घ्यायची वेळ क्वचित येते.

एकाच वेळी दोन-तीन सेन्सरचे एफएमआय ३ किंवा ४ आले तर ५ व्होल्टची लाइन तपासा. ईसीएम बऱ्याच सेन्सरना एकच ५ व्होल्ट वाटून देतो. एक सेन्सर किंवा एक दाबलेली वायर शॉर्ट झाली की सगळे आडवे होतात. चावी ऑन ठेवून मीटर त्या लाइनवर लावा आणि सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, दोष तिकडे. हे काम सवयीच्या वायरमनने करावं, पण तसं करा म्हणून मालकाने सांगायला हरकत नाही.

बरेच लाइट एकदम असतील आणि बॅटरी-अर्थ ठीक असेल तर कॅन लाइन, म्हणजे कॉम्प्युटरची आपसातली दोन वायरींची लाइन, मोजा. बॅटरी बंद करून कॅन हाय आणि कॅन लोच्या मध्ये ६० ओमच्या आसपास मिळायला हवं, कारण दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर असतात. १२० मिळालं तर एका टोकाची लाइन तुटली. शून्याजवळ मिळालं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या.

इथे थांबा, कंपनीच्या वर्कशॉपला न्या

इंजेक्टर बदलले असतील तर प्रत्येकाच्या डोक्यावर छापलेला त्याचा स्वतःचा कोड (बिघाडाचा नाही) ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर लाइट, धूर, ठोका, काहीही येऊ शकतं. डीपीएफ काढून साफ केला किंवा बदलला असेल तर ईसीएमला ते कळवावं लागतं. हे बाजारातल्या साध्या स्कॅनरने होत नाही.

गाडी उभी ठेवून डीपीएफमधली काजळी जाळायची असेल तर ती अनुभवी माणसाच्या देखरेखीत, मोकळ्या जागी. आत ५०० ते ६०० अंश होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर, शेडमध्ये किंवा डिझेलच्या ड्रमांजवळ हे करू नका.

वेल्डिंगनंतर लाइट लागला आणि ईसीएमशी स्कॅनर बोलतच नाही, तर वायरी उलगडत बसू नका. ईसीएम तपासायलाच जाऊ द्या. पुढच्या वेळी वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचे कपलर काढा, आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा.

युरियाचा इशारा आधीच लागलेला असेल तर दिवस ढकलू नका. बीएस-६ गाडी आधी ओढ कमी करते आणि दुर्लक्ष केलं तर शेवटी वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास बांधते. समृद्धीवर भरल्या गाडीसह त्या वेगात अडकणं जिवावरचं आहे. युरियाची सिस्टीम बायपास करून देतो म्हणणारे भेटतील. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि पुढे खरा बिघाड आला तर कोणालाच तो वाचता येत नाही.

दुरुस्तीनंतर खात्री

दोष सापडून दुरुस्त झाला की आता कोड उडवा. उडवला नाही तरी चालतं. बऱ्याच गाड्यांत सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की लाइट आपोआप विझतो, म्हणून दुरुस्तीनंतर लगेच विझला नाही तर घाबरू नका. फेरी म्हणजे थंड इंजिन सुरू करून, पूर्ण तापवून, बंद करणं. चौकापर्यंत जाऊन येणं त्यात धरत नाही.

गाडी वाडीहून कोंढाळीपर्यंत नेऊन आणा. इंजिन आणि सायलेन्सर दोन्ही तापतात, नॉक्स सेन्सर जागे होतात. शक्य असेल तर लोडसह न्या, रिकाम्या गाडीत हवेची गळती लपते. परत आल्यावर लाइट नसला तरी स्कॅनर लावून बघा, कारण काही कोड लाइट लागण्याआधीच नोंदीत येऊन बसतात. तोच एसपीएन आणि तोच एफएमआय पुन्हा आला, तर आधीचा फोटो, नवा फोटो आणि केलेल्या कामाची यादी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला जा, आणि हे तिन्ही काउंटरवर नाही, गाडी बघणाऱ्या माणसाच्या हातात द्या.